अल्फॉक्स्टनचे नवे भाडेकरू

11 ऑगस्ट 1797 रोजी इंग्लंडमधल्या हंगरफर्ड गावी, 'बेअर' नावाच्या खाणावळीत, जेम्स वॉल्शने एका माणसाची जबानी उतरवून घेतली. वॉल्श लंडनच्या गृहखात्याचा हेर. जबानी देणारा चार्ल्स मॉग मात्र सरकारदरबारी कुणीच नव्हता. सॉमरसेट परगण्यातल्या अल्फॉक्स्टनच्या हवेलीत त्याने पूर्वी नोकरी केली होती, एवढाच त्याचा संबंध. नुकताच तो तिकडे जाऊन आला होता आणि हवेलीत राहायला आलेल्या नव्या मंडळींचं लक्षण त्याला ठीक दिसलं नव्हतं. म्हणून त्याने आपणहून चौकशा केल्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे दिले नव्हते.

वॉल्शने मॉगचं सगळं बोलणं लंडनला कळवलं आणि शेवटी एक शेरा जोडला: हा माणूस काही जगातला फार हुशार नव्हे, म्हणून त्याची हकिकत आहे तशी सबंध पाठवतो आहे. या शेऱ्याबद्दल वॉल्शचे आभारच मानायला हवेत. हेर हुशारी दाखवायला गेला असता तर त्याने गाळून, रचून, नीटनेटका अहवाल धाडला असता आणि खेड्यात खरोखर कोण काय बोलत होतं ते आपल्यापर्यंत पोचलंच नसतं.

मॉगची हकिकत अशी. हवेलीच्या शेतघरात टॉमस जोन्स राहतो. तो म्हणाला, हवेली काही फ्रेंच लोकांनी बळकावली आहे. रविवारचा अख्खा दिवस ते कपडे धूत आणि शिवत बसले होते. कुत्र्यांच्या कोंडवाड्याजवळ ख्रिस्तोफर ट्रिकी आणि त्याची बायको राहतात. ते म्हणाले, या लोकांनी आसपासच्या साऱ्या जागांचे नकाशे काढले आहेत. ट्रिकीच्या दारासमोरून एक ओढा वाहतो. त्यातून समुद्रापर्यंत नाव जाते का, असं त्यांनी ट्रिकीलाच विचारलं. जात नाही म्हटल्यावरही ते ओढ्याच्या काठाकाठाने थेट समुद्रापर्यंत तपासत गेलेले लोकांनी पाहिले. घरात एकही नोकर नाही, पण पाहुण्यांची रीघ. रात्र रात्र ही माणसं डोंगरावर असतात.

हे 'फ्रेंच' म्हणजे 27 वर्षांचा कवी विल्यम वर्ड्‌स्वर्थ आणि त्याची 25 वर्षांची बहीण डॉरथी. तीनेक मैलांवरच्या नेदर स्टोईत त्यांचा नवा कविमित्र सॅम्युएल टेलर कोलरिज राहत होता. त्याच्या ओढीने दोघं डॉर्सेट सोडून इकडे आली होती. 7 जुलै 1797 चा भाडेकरार आजही माहीत आहे: एक वर्षाची मुदत, 23 पौंड भाडं, साक्षीदार टॉमस पूल. पूल हा स्टोईचा कातडी कमावणारा, खाऊनपिऊन सुखी, पुस्तकांचा नादी आणि कोलरिजचा आधार.

मॉगची गोष्ट लंडनला पोचली कशी, याचा माग वॉल्शच्याच पत्रात सापडतो. बाथ शहरातले डॉक्टर डॅनियल लायसन्स यांच्या घरची स्वयंपाकीण पूर्वी अल्फॉक्स्टनला मॉगबरोबर नोकरीला होती. मॉगने तिला सांगितलं, तिने डॉक्टरांना, आणि डॉक्टरांनी 8 ऑगस्टला थेट गृहमंत्री ड्यूक ऑफ पोर्टलंड यांना पत्र धाडलं. डॉक्टर आणि मॉग यांचं एकमेकांशी अवाक्षरही बोलणं झालेलं नव्हतं. 11 तारखेला डॉक्टरांनी दुसरं पत्र लिहिलं ते आपल्या हाती आहे. त्यात माहितीत भर पडलेली दिसते: घरधन्याबरोबर बायको नाही, बहीण म्हणवणारी एक बाई आहे, घडीची स्टुलं घेऊन ही मंडळी दिवसारात्री हिंडतात, कागदांच्या एका बासनात निरीक्षणं टिपतात, ती टिपणं आता पुरी होत आली आहेत आणि त्यांबद्दल आपल्याला मोबदला मिळणार आहे, असं त्यांना बोलताना कुणी ऐकलं आहे. एवढ्यावर डॉक्टर तर्क करतात की हे लोक ब्रिस्टलमधल्या कुणा मुख्य हस्तकाचे हाताखालचे असावेत. शेतघर ते स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघर ते मंत्रालय एवढ्या प्रवासात एका बिऱ्हाडाची टोळी झाली.

आज हे वाचून हसू येतं. पण त्या वर्षी त्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला हसू आलं नसतं. फेब्रुवारी 1797 मध्ये सुमारे 1,400 फ्रेंच सैनिक वेल्समधल्या फिशगार्डजवळ उतरले होते. त्यांचा मूळ रोख ब्रिस्टलवर होता, आणि त्यांची जहाजं आधी डेव्हनच्या इल्फ्राकूमसमोर दिसली होती. दोन दिवसांत त्यांनी शरणागती पत्करली ही गोष्ट वेगळी. त्यानंतरच्या महिन्यांत इंग्रजी आरमारातच स्पिटहेड आणि नोर इथे बंडं झाली. अल्फॉक्स्टनच्या मागच्या क्वांटॉक टेकड्यांवर चढलं की समोर ती जहाजं फिरली तीच खाडी पसरलेली. अशा वेळी अनोळखी माणसाने ओढ्यातून समुद्रापर्यंत नाव जाते का म्हणून विचारावं आणि ट्रिकीने ते मनात ठेवू नये, अशी अपेक्षा करणं जरा जास्तच होईल.

शिवाय मॉगने आणि डॉक्टरांनी गोळा केलेले तपशील एकेक करून तपासले तर खोटे असे फारच थोडे निघतात. बहीण खरी बहीणच होती. रात्रीची भटकंती खरी: जानेवारी 1798 पासूनची डॉरथीची रोजनिशी उपलब्ध आहे आणि तिच्यात चांदण्यातल्या फेऱ्या जागोजाग आहेत. ओढ्याचा उलगडा खुद्द कोलरिजने पुढे केला. उगमापासून समुद्रापर्यंत एका ओढ्याची कथा सांगणारं दीर्घकाव्य त्याच्या डोक्यात होतं आणि त्यासाठी तो वही-पेन्सिल घेऊन डोंगर पालथे घालत होता. मोबदल्याच्या बोलण्याचाही अंदाज बांधता येतो. कोलरिज त्या उन्हाळ्यात लंडनच्या ड्रुरी लेन नाटकगृहासाठी, तिथल्या चालक शेरिडनच्या सांगण्यावरून, 'ओसोरियो' हे नाटक लिहीत होता. हाती असलेलं लिखाण आणि त्याचे पैसे यांवर दोन लेखकांनी बोलावं यात नवल काय? 'फ्रेंच' हा शिक्का तेवढा चुकीचा. या भावंडांच्या उत्तरेकडच्या कंबरलंडी उच्चारांमुळे तो बसला असावा असं मला वाटतं. सॉमरसेटच्या शेतकऱ्याच्या कानाला ती बोली परकीच लागली असणार.

12 ऑगस्टला गृहखात्याचे सचिव जॉन किंग यांनी वॉल्शला हुकूम दिला: ताबडतोब अल्फॉक्स्टनला जा, माणसांची नावं आणि वर्णनं मिळव, त्यांना जराही संशय येऊ देऊ नकोस, ती हलली तर मागावर राहा. सोबत खर्चासाठी 20 पौंडांची नोट. हवेलीचं वर्षाचं भाडं 23 पौंड होतं, तेव्हा सरकारने ही बाब किती मनावर घेतली होती ते यावरूनच समजावं.

15 तारखेचं वॉल्शचं पत्र स्टोईच्या 'ग्लोब' खाणावळीतून आहे आणि सगळ्या कागदांत तेच मला सर्वांत जिवंत वाटतं. तो येऊन बसतो न बसतो तोच वुडहाउस नावाच्या एका गृहस्थाने खाणावळवाल्याला विचारलं, अल्फॉक्स्टनच्या त्या हरामखोरांपैकी कुणी दिसलं का? काल दोघं दिसले होते, मालक म्हणाला. मग वुडहाउसचा पुढचा प्रश्न: थेलवॉल गेला का? वॉल्शने कान टवकारले. थेलवॉल म्हणजे तो प्रसिद्ध थेलवॉल का, असं त्याने विचारलं. हो, तोच. मग त्याने भोळेपणाचा आव आणून खडा टाकला: ब्रिजवॉटरला तर ऐकलं होतं की तिथे फ्रेंच लोक आहेत. दोघांनी ते उडवून लावलं. फ्रेंच नाहीत, पण सगळे फ्रेंच मिळून करतील तेवढं नुकसान हे एकटे करतील! वॉल्शने लंडनला कळवलं की प्रकरण फ्रेंचांचं दिसत नाही, असंतुष्ट इंग्रजांच्या उपद्रवी टोळक्याचं दिसतं.

इथे प्रकरणाचा रंगच बदलतो. जॉन थेलवॉल हा लंडन करस्पॉन्डिंग सोसायटीचा गाजलेला वक्ता. सर्वांना मताधिकार मागणारा. 1794 मध्ये राजद्रोहाच्या खटल्यातून तो निर्दोष सुटला होता, पण सरकारने त्याच्यावरची नजर काढली नव्हती. 17 जुलैला तो स्टोईला आला आणि सुमारे दहा दिवस राहिला. पूलची चुलतबहीण शार्लट हिनेही हे ऐकून बसलेला धक्का आपल्या रोजनिशीत नोंदवला आहे. म्हणजे नोकरचाकरांना जे 'फ्रेंच' वाटत होते, त्यांच्याबद्दल गावातल्या शिकल्यासवरल्या वर्गाची अटकळ निराळी होती, आणि ती सत्याच्या बरीच जवळ होती.

16 ऑगस्टच्या पत्रात जोन्सची साक्ष आहे. वर्ड्‌स्वर्थ आल्यानंतरच्या रविवारी त्याला जेवणाच्या टेबलाशी वाढायला बोलावलं होतं. पान चौदा जणांचं. पूल होता, कोलरिज होता (वॉल्श त्याला 'कोल्ड्रिज' लिहितो). आणखी एक बुटका, जाडसर माणूस होता. काळे आखूड केस, पांढरी टोपी, डोळ्यांवर चष्मा. जेवण झाल्यावर तो उठला आणि इतक्या आवेशात बोलला की जोन्स घाबरला आणि पुन्हा त्या लोकांच्या वाऱ्याला उभा राहायला धजेना. वॉल्शने कंसात नाव टाकलं: थेलवॉल. नंतर वर्ड्‌स्वर्थने जुन्या घरून एक मोलकरीण आणली. ती बोलघेवडी. तिने जोन्सला सांगितलं की आमचे मालक तत्त्वज्ञ आहेत. दोन दिवसांपूर्वी रात्री दोन पाहुणे आले, त्यांतला एक लंडनचा मोठा वकील आहे, हेही तिनेच पुरवलं. तिने जोन्सला बाग खुरपायला बोलावलं होतं, पण भीतीपोटी तो जाईना. वॉल्शने काही शिलिंग त्याच्या हातावर ठेवले तेव्हा त्याची भीती पळाली. पत्र लिहिलं जात होतं त्याच दिवशी जोन्स खुरपं घेऊन अल्फॉक्स्टनच्या बागेत होता आणि संध्याकाळी वकिलाचं नाव घेऊन यायचं त्याने कबूल केलं होतं.

धंदेवाईक हेराने मात्र चुका केल्या आहेत. कोलरिजच्या घरी छापखाना आहे असं तो लिहितो. असा छापखाना नव्हता. पूलने गरिबांसाठी काढलेल्या मंडळात 150 माणसं आहेत आणि ती सारी त्याच्या मुठीत आहेत, असंही लिहितो, जणू ती फौजच. जोन्स, ट्रिकी यांनी निदान डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं. वॉल्शने खाणावळीतलं ऐकलेलं पुष्कळ तसंच पुढे सारलं.

या कागदांच्या शेजारी कोलरिजची आठवण ठेवून पाहायला हवी. 1817 च्या 'बायोग्राफिया लिटरारिया'मध्ये त्याने हा किस्सा रंगवून सांगितला. त्याचा हेर मोठ्या नाकाचा. समुद्रकाठी बांधाआड दडून तो या दोघांचं बोलणं ऐकतो. ते तत्त्वज्ञ स्पिनोझाविषयी बोलत असतात आणि बिचाऱ्याला वाटतं, 'स्पाय नोझी' म्हणत आपल्याच नाकाची थट्टा चालली आहे. अखेर ही माणसं निरुपद्रवी आहेत असा त्याचा कौल पडतो. किस्सा फक्कड आहे आणि इंग्रजी साहित्याच्या वर्गांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला आहे. वॉल्शच्या पत्रांत मात्र बांध नाही, समुद्रकाठ नाही, स्पिनोझा नाही. निरुपद्रवीपणाचा कौल तर मुळीच नाही. हवेलीतली माणसं कट्टर लोकशाहीवादी आहेत, असं त्याने साफ लिहिलं आहे. ही पत्रं ए. जे. ईगलस्टन यांनी 1908 मध्ये उजेडात आणली, तोवर कोलरिजचीच गोष्ट चालत होती. 1797 ते 1817 या वीस वर्षांत कोलरिज राजनिष्ठांच्या बाजूला सरकला होता. तरुणपणचं राजकारण विनोदात विरघळवणं त्याला सोयीचं होतं.

त्या वेळी त्याला हसू येत नव्हतं, याचा पुरावा त्याच्याच हातचा आहे. थेलवॉलला स्टोईजवळ घर हवं होतं. 21 ऑगस्ट 1797 च्या पत्रात कोलरिज त्याला येऊ नकोस म्हणून विनवतो: मला इथे आणल्याबद्दल पूलला केवढा रोष पत्करावा लागला, वर्ड्‌स्वर्थ आल्यावर केवढा गहजब उडाला, आता तूही आलास तर दंगलसुद्धा होईल. थेलवॉलने मग वेल्समधलं लिसवेन हे गाव गाठलं.

हवेलीच्या मालक घराण्यातल्या श्रीमती सेंट ऑल्बिन यांच्याही कानांवर हे गेलं आणि घर असल्या माणसांना दिल्याबद्दल त्या संतापल्या. 16 सप्टेंबरला पूलने त्यांना पत्र लिहून वर्ड्‌स्वर्थची बाजू मांडली: घराणं चांगलं, मामा विंडसरला धर्माधिकारी, राहणी शांत. थेलवॉल येणार हे इथे कुणालाच ठाऊक नव्हतं. आलेल्याचं आतिथ्य करायचं नाही का? हे वाचताना थोडं सावध राहावं लागतं. कोलरिज आणि थेलवॉल यांचा पत्रव्यवहार वर्षभराहून अधिक काळ चालू होता. पूल मित्रासाठी सत्य जरा आखडतं घेत होता. बाईंचं मन वळलं नाही. करार वाढवून मिळाला नाही आणि जून 1798 च्या अखेरीस भाऊ-बहीण अल्फॉक्स्टनहून बाहेर पडली.

त्या वर्षभरात लिहिलेल्या कविता 1798 मध्येच 'लिरिकल बॅलड्‌स' या संग्रहात आल्या. त्यांत सायमन ली नावाच्या एका थकल्या शिकाऱ्याची कविता आहे. अल्फॉक्स्टनच्या जमीनदारांच्या पदरी शिकारी म्हणून राहिलेल्या, हवेलीच्या दाराजवळच झोपडी असलेल्या एका म्हाताऱ्यावर ती बेतली आहे, असं वर्ड्‌स्वर्थने उतारवयात सांगून ठेवलं. कवितेतली एक ओळ त्या म्हाताऱ्याच्या तोंडची, जशीच्या तशी आहे, असंही तो म्हणाला. हा म्हातारा म्हणजे कोंडवाड्याजवळचा ख्रिस्तोफर ट्रिकीच, असं अभ्यासक मानतात. ट्रिकी शेजाऱ्यांच्या हालचाली मॉगला सांगत होता, तेव्हा शेजारी त्याचं बोलणं टिपून ठेवत होता. छापताना त्याने म्हाताऱ्याचं नाव बदललं आणि त्याला सॉमरसेटमधून उचलून वेल्समधल्या कार्डिगन परगण्यात नेऊन बसवलं.