नावाआधीचं 'डॉ.'

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं एक बरं असतं. बॉस असो नाहीतर त्याचा बॉस, पहिल्या नावानं हाक मारायची आणि मोकळं व्हायचं. आमच्या कोल्हापुरात मात्र डॉक्टरसाहेब, वकीलसाहेब, तालमीत वस्ताद... नाव मागाहून! शिकलेल्या माणसानं अशा हाकेची अपेक्षा ठेवावी का, असं विचारलं की माझे मित्र म्हणतात, "छे, कशाला तो बडेजाव?"

मला अशा वेळी १८८६ सालचं कोल्हापूर आठवतं.

त्या वर्षी मार्चमध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात एम.डी. झाल्या. वयाची एकवीस वर्षंही पूर्ण व्हायची होती. त्या अमेरिकेत असतानाच कोल्हापूर संस्थानानं त्यांना नोकरी देऊ केली. आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, म्हणजे आजचं आपलं सीपीआर, तिथल्या स्त्रियांच्या वॉर्डची जबाबदारी. आणि हुद्दा? 'लेडी डॉक्टर ऑफ कोल्हापूर'!

आता विचार करा. बाईनं समुद्र ओलांडला म्हणून नाकं मुरडणारा तो काळ. अशा बाईनं वॉर्डात एखादं औषध सांगितलं, तर ते कुणी का ऐकावं? वयानं लहान, आणि लोकांच्या लेखी गोपाळराव जोश्यांची बायको. तिच्या शब्दाला वजन येणार होतं ते त्या 'डॉक्टर'मुळेच. म्हणजे इथे पदवी हा मानपान नव्हता, कामाचं हत्यार होतं.

दुर्दैव असं, की त्या हुद्द्यावर त्या रुजू होऊच शकल्या नाहीत. क्षय घेऊनच मायदेशी आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. त्यांच्या अस्थी अमेरिकेत पकिप्सीच्या दफनभूमीत आहेत. तिथल्या दगडावर नावापुढे 'एम.डी.' कोरलंय.

आपण काय केलं? काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्राच्या नावात 'डॉ.' आहे. पुढे श्री. ज. जोशींची कादंबरी आली १९६८ मध्ये आणि सिनेमा २०१९ मध्ये. दोन्हींचं नाव 'आनंदी गोपाळ'. गोष्ट त्या संसाराचीही आहे, त्यामुळे नावात चूक काहीच नाही. पण लोकांच्या तोंडी नवऱ्याचं नाव राहिलं आणि 'डॉ.' गळालं, हेही खरंच ना?

आणि हे जुनं झालं म्हणावं, तर आजही दवाखान्यात तरुण डॉक्टर मुलीला 'ओ सिस्टर' अशी हाक जाते आणि तिच्या शेजारी उभा असलेला वॉर्डबॉय 'डॉक्टर' ठरतो.

म्हणून माझा हिशोब साधा आहे. लग्नाच्या पंगतीत, कट्ट्यावर, रंकाळ्यावर भेळ खाताना पदवी खिशात ठेवावी. पण जिथे निर्णय कुणाचा आणि जबाबदारी कुणाची हे कळायला हवं, तिथे ती हाक मागण्यात कसला आलाय गर्व? मला 'इंजिनियरसाहेब' कुणी म्हटलं नाही तर काही अडत नाही, कारण मला कोड येतो का अशी शंकाच कुणी घेत नाही. साधेपणा परवडायलाही आधी विश्वास मिळालेला असावा लागतो.

असो. पुढच्या वेळी सीपीआरवरून जाल तेव्हा त्यांची आठवण काढा. डॉ. आनंदीबाई म्हणून.