ठिणगीचा जीर्णोद्धार

जुन्या वस्तू सांभाळणाऱ्यांत दोन पक्ष असतात. एक म्हणतो, वस्तू जशी होती तशी ठेवा. दुसरा म्हणतो, ती चालती ठेवा. देवळांच्या बाबतीत हा वाद आपल्याकडे पुष्कळ झाला आहे. काळ्या पाषाणाच्या मंदिरास भक्तीने ऑइलपेंट फासलेला पाहून हळहळणारे आम्ही पाहिले आहेत, आणि तो फासणारे भाविकही पाहिले आहेत. आज मात्र आम्ही हाच वाद एका फार लहान वस्तूपाशी आणून ठेवणार आहोत. ती वस्तू म्हणजे जुन्या मोटारीच्या इंजिनात ठिणगी पाडणारी यंत्रणा.

विषय सुचला तो किन्हीराजा येथे. काही वर्षांपूर्वी आम्ही एका स्नेह्यांच्या गाडीतून नागपूरहून निघालो होतो. गाडी चाळिशीच्या दशकातली, दोन आसनांची, इंग्रजी बनावटीची, धावण्यासाठीच घडविलेली. स्नेह्यांनी तिच्यात एक स्क्रूही परका येऊ दिला नव्हता. समृद्धी महामार्ग तेव्हाही झालेला होता, पण अशी गाडी घेऊन त्यावरून जाण्यात काय स्वारस्य, असे म्हणून ते जुन्या रस्त्याने कारंजा, शेलूबाजार करीत मालेगावकडे चालले होते. किन्हीराजाच्या अलीकडे इंजिन अडखळू लागले, आणि गावात शिरता शिरता बंद पडले. स्नेह्यांनी डिस्ट्रिब्यूटरचे टोपण काढले, पॉइंट पाहिले. ते काळे पडले होते. पॉलिश पेपरने घासले. गाडी सुरू झाली आणि पुन्हा बंद पडली. असे तीन वेळा झाले.

एवढ्यात रस्त्याकडेच्या लिंबाखालून एक वृद्ध मिस्त्री उठून आले. त्यांनी इंजिन फिरवावयास सांगितले, पॉइंटांकडे नुसते पाहिले आणि म्हणाले, "भाऊ, पॉइंटाले आता घासू नका. याचा कंडेन्सर गेला." मग त्यांनी एका डब्यातून कुठल्याशा पेट्रोल जीपचा कंडेन्सर काढला, तो आत मावेना म्हणून बाहेरच तारेने बांधला, आणि गाडी चालू झाली. पुढचा सारा प्रवास तिने एकदाही कुरकुर केली नाही. स्नेही मात्र खिन्न होते. त्यांच्या मूळ गाडीत जीपचा अवयव आला होता.

मिस्त्रींनी नुसत्या नजरेने रोग कसा ओळखला, हे समजण्यासाठी यंत्रणा थोडी पाहिली पाहिजे. बॅटरीचा दाब जेमतेम सहा किंवा बारा व्होल्ट. तेवढ्याने प्लगच्या फटीत ठिणगी उडत नाही. म्हणून तो प्रवाह कॉइलच्या जाड तारेतून नेतात आणि ऐन क्षणी एकदम तोडतात. तोडताच कॉइलच्या दुसऱ्या, बारीक तारेच्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होतो. तोडण्याचे काम पॉइंट करतात. ते उघडतात तेव्हा फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी असते. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटास तीन हजार फेरे घेत असले तर पॉइंटांना सेकंदाला शंभर वेळा उघडमीट करावी लागते. उघडताना प्रवाह फटीतून उडी मारू पाहतो. त्यास पोटात घेणारा तो कंडेन्सर. तो निकामी झाला की ठिणगी प्लगऐवजी पॉइंटांतच जळते. मिस्त्रींनी पाहिली ती हीच ठिणगी.

आता मूळ म्हणजे काय, हे इतिहासास विचारू. कार्ल बेंझने १८८६ च्या आपल्या तीनचाकी गाडीत बॅटरी व कंप पावणारी कॉइल वापरली होती. डायम्लरच्या गाड्यांत त्याच सुमारास ठिणगीच नव्हती. सिलिंडरात शिरलेली एक नळी बाहेरून बर्नरने लाल तापवून ठेवीत, आणि तिच्या संगतीने वायू पेट घेई. रॉबर्ट बॉशच्या कारखान्याने १८८७ मध्ये स्थिर इंजिनासाठी मॅग्नेटो केला, १८९७ मध्ये तो एका द दियाँ-बुताँ तीनचाकीवर चढविला, आणि १९०२ मध्ये गॉटलोब होनोल्ड या त्यांच्या अभियंत्याने उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्यास साजेसा प्लग सिद्ध केला. मॅग्नेटोस बॅटरी लागत नाही. इंजिन फिरले की तो आपली वीज आपणच निर्माण करतो. आमच्याकडे डिसेंबर १९०४ मध्ये मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेने दिल्ली ते मुंबई अशी मोटारींची कसोटी-सफर भरविली, तेव्हा जगात या साऱ्या पद्धती एकाच वेळी नांदत होत्या. रस्त्यात बॅटरी भरून देणारे दुकान नसलेल्या मुलखात मॅग्नेटोवाल्याची चैन होती, हे सांगावयास नको.

मग सेल्फ आला. चार्ल्स केटरिंगची विजेवर इंजिन सुरू करण्याची योजना १९१२ च्या कॅडिलॅकवर आली. त्यापूर्वी हँडल मारावे लागे, आणि ठिणगीची वेळ मागे घेण्यास विसरलेल्या माणसाचे मनगट उलटून आलेल्या हँडलने मोडे. सेल्फसाठी मोठी बॅटरी गाडीत आलीच, तेव्हा ठिणगीसाठी निराळा मॅग्नेटो कशाला, असा हिशेब सुरू झाला, आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत साध्या गाड्यांतून मॅग्नेटो उठला.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. फोर्डचे टी मॉडेल १९०८ ते १९२७ पर्यंत निघाले, आणि शेवटपर्यंत त्यात चक्रातला मॅग्नेटो व चार कंपणाऱ्या कॉइलच होत्या. पण त्याच वर्षांत बाजारात त्या गाडीसाठी निराळे डिस्ट्रिब्यूटर विकत मिळत, आणि मालक ते हौसेने बसवीत. म्हणजे ज्यांच्या काळास आपण मूळ काळ म्हणतो ते लोक स्वतः मूळ यंत्रणा बदलीत होते! आज अशी एखादी गाडी हाती आली तर त्या जुन्या मालकाने बसविलेला डिस्ट्रिब्यूटर काढून टाकावा, की तोही तिच्या चरित्राचा भाग मानावा? आम्ही दुसऱ्या मताचे आहोत.

जॅग्वारची गंमत याहून मोठी. १९७१ मध्ये त्यांच्या ई-टाइप या धावत्या गाडीत बारा सिलिंडरांचे इंजिन आले आणि त्याबरोबर ल्युकस कंपनीची 'ओपस' नावाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. तिच्यात पॉइंट नव्हतेच. तिचा नाजूक भाग इंजिनाच्या दोन ओळींमधल्या खाचेत, ऐन उष्णतेत बसविला होता. तो तापून बंद पडे, म्हणून पुढे त्यास थंड जागी हलवावे लागले. या गाडीचे मूळ रूप राखू म्हणणाऱ्याने काय राखावयाचे? येथे जुने तेच इलेक्ट्रॉनिक आहे आणि तेच दगा देणारे आहे.

उलट बाजूस बुगाटीची टाइप ३५ पाहा. १९२४ ची ही शर्यतीची गाडी. तिचा मॅग्नेटो डॅशबोर्डातून चालकाच्या समोर डोकावतो. तो काढून तेथे कॉइल आणि ट्रान्झिस्टर बसविणे म्हणजे वीणेच्या तारा काढून आत ध्वनिमुद्रण वाजविण्यासारखे आहे. तेव्हा सर्व गाड्यांस एकच न्याय लावू नये, इतके तरी ठरले.

सामान्य जुन्या गाडीत आज जी सुधारणा करतात ती अशी: पॉइंट व कंडेन्सर काढून त्या जागी चुंबकाचे एक कडे आणि एक छोटा संवेदक बसवावयाचा. टोपण तेच, तारा त्याच; बाहेरून काही ओळखू येत नाही. पॉइंट चालवणारी टाच झिजते, फट कमी होते, ठिणगी हळूहळू उशिरा पडू लागते, हा सारा त्रास संपतो. पण नवीन त्रास येतात. अनेक जुन्या इंग्रजी गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्यास जोडलेले असते. ते न पाहता ऋण टोकासाठी केलेला संवेदक लावला तर तो क्षणात जळतो. काही गाड्यांचा फेरे मोजणारा काटा नव्या यंत्रणेवर वेडेवाकडे आकडे दाखवितो. आणि रस्त्यात तो संवेदक गेला, तर किन्हीराजाचे मिस्त्री काय करणार? त्यांच्या डब्यात त्याचा जोड नाही. पॉइंट बिघडतात ते बहुधा सांगून बिघडतात, आणि बोटाने दुरुस्त होतात. इलेक्ट्रॉनिक भाग वर्षानुवर्षे चालतो आणि मग एकदम मौन धरतो.

कायद्याचे म्हणणेही ऐकण्यासारखे आहे. केंद्र सरकारने १५ जुलै २०२१ रोजी नियम केले, त्यांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींस व्हिंटेज म्हणून 'व्हीए' अक्षरांचा निराळा क्रमांक मिळतो. चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, ही अट आहे. 'इंजिन' या शब्दात टोपणाखालची बोटभर वस्तू येते काय, हा अर्थ लावणाराचा प्रश्न. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेली ट्युरिनची सनद याबाबत अधिक स्पष्ट बोलते. १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूंना जे लावले तेच ती वाहनांना लावते: बदल करावाच लागला तर तो माफक असावा, परत फिरविता यावा आणि त्याची नोंद राहावी.

या कसोटीवर आम्हांस आमची घरचीच एक वस्तू आठवते. कुर्ल्याच्या कारखान्यात झालेली प्रीमियर पद्मिनी. १९७४ पासून या नावाने ती धावली आणि मुंबईची काळीपिवळी म्हणून प्रसिद्ध पावली. तिची शेवटची टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. कारखान्यातून निघाली तेव्हा पद्मिनी पेट्रोलवर होती; पण शेवटच्या वर्षांत मुंबईकर जीत बसला तिच्या डिकीत सीएनजीची टाकी होती, आणि सामान टपावरच्या कॅरिअरवर. कोणी ती टॅक्सी संग्रहालयात ठेवणार असेल तर टाकी काढावी की ठेवावी? टाकी काढली तर कारखान्याची गाडी राहील, पण शहराची टॅक्सी जाईल. आमच्या मते ठेवावी.

स्नेह्यांनी शेवटी संवेदक बसविला. धन-ऋणाची चौकशी आधी करून बसविला. काढलेले पॉइंट त्यांनी एका पत्र्याच्या डबीत ठेवले असून डबी गाडीतच असते. सोबत फीलर गेज, एक स्क्रूड्रायव्हर आणि कोणत्या तारखेस काय काढले याचा कागद. अर्ध्या तासात गाडी पुन्हा पूर्ववत होते, हे त्यांनी आमच्यासमोर करून दाखविले. जीपचा कंडेन्सर त्याच डबीत आहे. तो मूळ नव्हे, म्हणून टाकून द्या असे आम्ही थट्टेने म्हटले, तेव्हा त्यांनी डबी मिटून घेतली. कागदावर त्याच्यासमोर लिहिले आहे: किन्हीराजा.