न बिघडलेल्या डोळ्यांची नोंद: टाइप १ मधुमेह आणि दिव्यांगत्वाचे मोजमाप

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने जून २०२२ मध्ये टाइप १ मधुमेहाच्या उपचारांसाठी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच स्वादुपिंडातील बीटा पेशी नष्ट करते. त्यामुळे इन्सुलिन बाहेरून, दररोज आणि आयुष्यभर घ्यावे लागते. विज्ञानाच्या बाजूने याविषयी संदिग्धता उरलेली नाही. कायद्याच्या बाजूने मात्र एक जुना प्रश्न अजून उभा आहे: असा आजार असलेली व्यक्ती दिव्यांगांसाठीच्या लाभांना पात्र आहे की नाही?

हा प्रश्न कागदावरचा वाटतो. पण तो श्रीपेरुंबुदूरसारख्या गावात नेऊन ठेवला की त्याची धार कळते. चेन्नईहून बंगळुरूकडे जाणाऱ्या महामार्गावर, सुमारे चाळीस किलोमीटर अंतरावर असलेले हे गाव म्हणजे रामानुजाचार्यांचे जन्मस्थान. गेल्या तीन दशकांत त्याच्या आसपास मोटारी, काच आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू बनविणारे कारखाने उभे राहिले आणि तिथले जीवन पाळ्यांच्या भोंग्यावर चालू लागले. अशा एखाद्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर काम करणारा, टाइप १ मधुमेह असलेला पंचविशीतला कामगार कल्पावा. दिवसातून अनेकदा रक्तशर्करा तपासणे, जेवण आणि श्रम यांचा अंदाज घेऊन इन्सुलिनची मात्रा ठरविणे, ती टोचून घेणे हे त्याचे दुसरे काम. त्याला पगार नाही आणि सुट्टीही नाही. रात्रपाळीत साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली, तर त्याला त्याच क्षणी साखर खाऊन थोडा वेळ थांबावे लागते. हे सारे त्याने वीस वर्षे चोख सांभाळले, तर कायद्याच्या लेखी तो धडधाकट. सांभाळता आले नाही आणि दृष्टी गेली किंवा पाय कापावा लागला, तर मात्र तो पात्र. हे उलटे गणित कसे तयार झाले, हे पाहण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते.

जानेवारी १९२२ मध्ये टोरंटो येथे लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला स्वादुपिंडाच्या अर्काचे इंजेक्शन देण्यात आले. पहिला प्रयत्न फसला. जेम्स कॉलिप यांनी अधिक शुद्ध केलेला अर्क बारा दिवसांनी दिल्यावर मुलाची साखर उतरली. त्यापूर्वी या आजाराचे निदान झालेली मुले जवळजवळ उपासमारीच्या आहारावर थोडाच काळ जगत. फ्रेडरिक बँटिंग आणि जॉन मॅक्लाऊड यांना १९२३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मृत्यूचे जागी आता जन्मभराची दक्षता आली होती. वैद्यकशास्त्राने माणूस वाचविला. वाचलेल्या माणसाचे समाजात स्थान कोणते, हा प्रश्न त्यातूनच जन्मला.

योगायोग असा की त्याच १९२३ साली ब्रिटिश हिंदुस्थानात कामगार नुकसानभरपाईचा कायदा संमत झाला. त्याच्या परिशिष्टात शरीराच्या हानीचा एक तक्ता होता: कोणता अवयव गमावला म्हणजे कमाईची क्षमता किती टक्क्यांनी घटली, याचा हिशेब. पुढे या तक्त्यात अंगठ्यासाठी ३० टक्के आणि दुसरा डोळा शाबूत असताना गमावलेल्या एका डोळ्यासाठी ४० टक्के असे आकडे रूढ झाले. यंत्रात हात सापडलेल्या मजुरासाठी तो तक्ता मोठाच आधार होता. परंतु त्यामागे एक गृहीतक होते: हानी एकदा होते, ती दिसते आणि मग स्थिर राहते. टाइप १ मधुमेह यांपैकी एकाही अटीत बसत नाही.

दोन प्रकारच्या मधुमेहांतला फरकही विज्ञानाला टप्प्याटप्प्याने उमगला. सुश्रुतसंहितेत जन्मजात आणि आहारविहारातून उद्भवणारा असे प्रमेहाचे दोन भेद सांगितलेले आहेत आणि पहिल्याचा रुग्ण कृश असतो अशी नोंद आहे. आधुनिक काळात हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्ये इन्सुलिनला प्रतिसाद देणारे आणि न देणारे रुग्ण वेगळे करून दाखविले. पण सरकारी कागदांत दोन्ही प्रकार दीर्घकाळ एकाच शब्दाखाली नांदत राहिले.

मग आले १९४८ साल. त्या वर्षी मद्रासच्या स्टॅनली रुग्णालयात डॉ. एम. विश्वनाथन यांनी मधुमेहासाठी स्वतंत्र चिकित्सालय सुरू केले. ते भारतातील पहिले मानले जाते. त्याच वर्षी कारखाने अधिनियम आणि कर्मचारी राज्य विमा अधिनियम हे दोन कायदे झाले. पहिल्याने सलग पाच तासांहून अधिक काम घेण्यास मनाई करून किमान अर्ध्या तासाच्या विश्रांतीची सक्ती केली. दुसऱ्याने आजारी कामगाराला वेतनाचा काही भाग मिळण्याची सोय केली. परंतु घसरणारी साखर पाच तासांच्या सुट्टीची वाट पाहत नाही. राज्य विम्याच्या योजनेत दीर्घ आजारांसाठी चौतीस रोगांची यादी आहे. त्यांतील रोग झाल्यास कामगाराला दोन वर्षांपर्यंत वेतनाच्या ८० टक्के रक्कम मिळू शकते. या यादीत मधुमेह आहे, पण अटीसह: नेत्रपटलाची प्रगत विकृती, मधुमेही पाय किंवा मूत्रपिंडाचा विकार जडलेला असला पाहिजे. म्हणजे श्रीपेरुंबुदूरच्या त्या कामगाराला विम्याचे हे दार उघडते, तेव्हा वाचविण्याजोगे बरेच काही हातचे गेलेले असते.

ही गुंतागुंत अटळ नसते, हे अमेरिका आणि कॅनडातील एका मोठ्या चाचणीने सिद्ध केले. टाइप १ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवर दहा वर्षे चाललेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. काटेकोर उपचार घेणाऱ्या गटात नेत्रपटलाच्या विकृतीचा धोका ७६ टक्क्यांनी घटला होता. मात्र त्याच गटात साखर धोकादायकरीत्या घसरण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले. डोळे वाचतात ते रुग्णाच्या श्रमांमुळे, आणि त्या श्रमांना स्वतःची जोखीम असते, हे दोन्ही अर्थ या आकड्यांत आहेत. कायद्याने वाचलेले डोळे पाहिले. श्रम आणि जोखीम त्याच्या नजरेतून सुटली.

भारतात १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात सात प्रकार होते. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला भारताने २००७ मध्ये मान्यता दिल्यानंतर नवा कायदा आवश्यक झाला आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात प्रकारांची संख्या एकवीस झाली. हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे रक्ताचे विकार प्रथमच आत आले. बाहेरून स्थिर न दिसणारा, सतत उपचार मागणारा आजारही दिव्यांगत्व असू शकतो, हे तत्त्व त्यामुळे मान्य झाले. टाइप १ मधुमेह मात्र बाहेरच राहिला. अर्थात यादीत नाव आले म्हणजे सर्व मिळते असेही नाही: रक्तविकारांना उच्च शिक्षणातील पाच टक्के राखीव जागांत स्थान आहे, सरकारी नोकरीतील चार टक्के आरक्षणाच्या गटांत ते नाहीत.

याच कायद्यात एक दुसरी, अधिक उदार व्याख्याही आहे. दीर्घकालीन शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांची उणीव आणि समाजातील अडथळे यांच्या संयोगाने ज्याचा पूर्ण सहभाग रोखला जातो, तो दिव्यांग, असे ती सांगते. तिथे ४० टक्क्यांची अट नाही. ती आरक्षणासारख्या विशिष्ट लाभांसाठी आहे. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणात न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने हा भेद स्पष्ट केला. लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला लेखनिक नाकारण्यात आला होता. वाजवी सोय मिळण्याचा हक्क ४० टक्क्यांच्या प्रमाणपत्रावर अवलंबून ठेवता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. खटला मधुमेहाचा नव्हता. पण त्यातील तर्क टाइप १ च्या रुग्णांपर्यंत सहज पोहोचतो. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्येच या आजाराच्या विद्यार्थ्यांना परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळ, सँडविच आणि पाणी जवळ ठेवण्याची परवानगी दिली होती. त्यासाठी डॉक्टरांचा दाखला पुरेसा होता, टक्केवारी नव्हे.

अन्य देशांनीही हाच तिढा वेगवेगळ्या रीतींनी सोडविला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये, उपचारांनी ज्याची उणीव भरून निघते त्याला दिव्यांग मानता येणार नाही, असा निर्णय दिला. तेथील काँग्रेसने २००८ मध्ये कायदा बदलून तो निष्प्रभ केला. त्याच देशाच्या सामाजिक सुरक्षा प्रशासनाने २०११ मध्ये प्रौढांच्या यादीतून मधुमेह वगळला, पण रोज इन्सुलिन लागणारी सहा वर्षांखालील मुले यादीत ठेवली, कारण साखर घसरल्याचे त्यांना स्वतःला ओळखता येत नाही आणि चोवीस तास मोठ्यांची देखरेख लागते. जर्मनीत दिवसाला किमान चार इंजेक्शने, मात्रेत स्वतः केलेला फेरबदल आणि दैनंदिन जीवनावरील गंभीर मर्यादा, असे तिन्ही असल्यास दिव्यांगत्वाची ५० ही श्रेणी मिळते. या दोन ठिकाणी मोजमाप झालेल्या हानीचे नाही, लागणाऱ्या श्रमांचे आणि देखरेखीचे आहे.

या विषयाची दुसरी बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. टाइप १ असलेल्या अनेकांना दिव्यांग हे नाव नको असते. वसीम अक्रम यांचे निदान १९९७ मध्ये झाले आणि ते २००३ पर्यंत आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळले. शिक्का बसला की नोकरी आणि लग्न अडतील, ही भीतीही खोटी नाही. पण दोरीवरून चालणारा डोंबारी खाली पडला नाही, एवढ्यावरून त्याला तोल सांभाळावा लागला नाही असे कोणी म्हणत नाही. अक्रम यांच्यासारख्यांचे यश श्रमांचा अभाव दाखवीत नाही. श्रमांना पुरेशी साधने मिळाल्यास काय घडते, ते दाखविते.

२०१६ च्या कायद्याच्या परिशिष्टातील शेवटची नोंद केंद्र सरकारला अधिसूचनेद्वारे नवा प्रकार जोडण्याचा अधिकार देते. तो वापरायचा की नाही, हा धोरणाचा प्रश्न आहे. पण वाजवी सोयीसाठी अधिसूचनेची वाट पाहण्याचे कारण नाही. श्रीपेरुंबुदूरच्या कामगाराला आधी हवे आहे ते साधेच: लाइन सोडून काही मिनिटे बसण्याची मुभा, इन्सुलिनसाठी थंड जागा, पाळ्या ठरविताना थोडा विचार, आणि आजार सांगितला म्हणून नोकरी जाणार नाही याची हमी. त्याचे डोळे शाबूत असतानाच हे मिळाले, तर पुढच्या प्रमाणपत्राची गरज कदाचित पडणारही नाही.