कार्यालयीन दूरध्वनी जाळ्यांतील क्रमांक-योजना : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

दूरध्वनीचा इतिहास बहुधा यंत्राचा आणि संशोधकांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचे १८७६ चे पेटंट, त्यानंतरची केंद्रे, तारा, उपग्रह व मोबाइल अशा टप्प्यांनी हा इतिहास आपल्यासमोर येतो. या इतिहासात दूरध्वनी क्रमांकाला मात्र स्वतंत्र स्थान क्वचितच मिळते. भारतातील अनेक कार्यालयांत शेजारच्या विभागासाठी तीन अंक फिरवावेत, बाहेरच्या लाइनसाठी आधी ० लावावा आणि ऑपरेटरसाठी ९ लावावा, असा प्रघात दीर्घकाळ होता व आजही अनेक ठिकाणी आहे. हा नियम कोणी, का आणि कशाच्या आधारे ठरविला, असा प्रश्न सहसा विचारला जात नाही. कोणता अंक कोणत्या कामासाठी राखून ठेवायचा आणि फिरविलेल्या अंकांवरून संभाषण कोणत्या मार्गाने न्यायचे, याच्या नियमांस क्रमांक-योजना किंवा डायल प्लॅन असे म्हणतात.

प्रस्तुत लेखात कार्यालयीन दूरध्वनी केंद्रे व त्यांना परस्परांशी जोडणाऱ्या जाळ्यांतील क्रमांक-योजनांचा विकास पाहण्याचा प्रयत्न केला आहे. विशिष्ट माणसापर्यंत कसे पोहोचावे, याचे ज्ञान कोणी बाळगावे, या प्रश्नाचे प्रत्येक क्रमांक-योजना एक उत्तर देते. हे उत्तर वरकरणी तांत्रिक असले तरी त्याचे परिणाम सामाजिक असतात, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

ऑपरेटरची स्मृती आणि क्रमांकाचा उदय

अमेरिकेतील न्यू हेवन येथे २८ जानेवारी १८७८ रोजी पहिले व्यावसायिक दूरध्वनी केंद्र सुरू झाले. पुढच्याच महिन्यात तेथील ग्राहकांची यादी एका पानावर छापण्यात आली. त्या यादीत केवळ नावे होती, क्रमांक नव्हते. ग्राहकाने ऑपरेटरला नाव सांगावे आणि ऑपरेटरने स्मरणाच्या आधारे योग्य तार जोडून द्यावी, अशी ती व्यवस्था होती. म्हणजेच पोहोचण्याचे सर्व ज्ञान ऑपरेटरच्या डोक्यात साठविलेले होते.

या व्यवस्थेतील धोका १८७९ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधील लॉवेल या गावी लक्षात आला. तेथे गोवराची साथ पसरली होती. गावातील चारही ऑपरेटर एकाच वेळी आजारी पडले तर त्यांच्या जागी येणाऱ्या नवख्यांना कोणाची तार कोणती हे कळणार नाही आणि सेवा ठप्प होईल, अशी भीती डॉ. मोझेस ग्रीली पार्कर यांना वाटली. ग्राहकांना नावाऐवजी क्रमांक द्यावेत, अशी सूचना त्यांनी केली. दूरध्वनी क्रमांकाचा उगम असा एका साथीच्या भीतीत आहे, ही बाब लक्षणीय म्हणावी लागेल. माणसाच्या स्मृतीवरील अवलंबन कमी करणे, हा क्रमांकाचा मूळ हेतू होता.

भारतात १८८२ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. कलकत्त्याच्या केंद्राला आरंभी ९३ ग्राहक होते. ही केंद्रेही मानवचलित होती.

पुढचा टप्पा अल्मन स्ट्रोजर यांच्या स्वयंचलित स्विचचा होय. स्ट्रोजर हे कॅन्सस सिटी येथे अंत्यविधीचा व्यवसाय करीत असत. प्रतिस्पर्ध्याच्या नात्यातील ऑपरेटर आपले ग्राहक त्याच्याकडे वळविते, या संशयातून त्यांनी हा शोध लावला, अशी आख्यायिका सांगितली जाते. त्यांना १८९१ मध्ये पेटंट मिळाले आणि १८९२ मध्ये इंडियानातील ला पोर्ट येथे अशा पद्धतीचे पहिले केंद्र सुरू झाले. भारतातील पहिले स्वयंचलित केंद्र १९१३-१४ मध्ये सिमला येथे उभे राहिले. त्याची क्षमता ७०० जोडण्यांची होती.

पुढे रूढ झालेल्या स्ट्रोजर पद्धतीत ग्राहकाने अंक फिरविला की तितके विद्युत ठोके केंद्राकडे जात आणि यंत्राचा दांडा तितक्या पायऱ्या वर चढे. पुढचा अंक पुढच्या यंत्राला हालवी. शेवटच्या दोन अंकांपैकी एकाने दांडा वर चढे व दुसऱ्याने आडवा सरकून इच्छित तारेला भिडे. क्रमांक हा येथे केवळ माणसाचे नाव उरला नाही, तर तो माणसापर्यंतचा प्रत्यक्ष मार्ग बनला. ऑपरेटरच्या स्मृतीतील ज्ञान आता काही अंशी यंत्रात आणि काही अंशी अंक फिरविणाऱ्या ग्राहकाकडे गेले.

कार्यालयातील केंद्र : दहा अंकांची वाटणी

मोठ्या कचेऱ्या, गिरण्या व रुग्णालये यांनी आपापली खासगी केंद्रे बसविली. प्रत्येक टेबलासाठी स्वतंत्र सरकारी लाइन घेण्यापेक्षा मोजक्या लाइन अनेक अंतर्गत दूरध्वनींमध्ये वाटून घेणे किफायतशीर होते. भारतात पुढे अशी इलेक्ट्रॉनिक केंद्रे ईपीएबीएक्स या नावाने परिचित झाली.

अशा केंद्राची क्रमांक-योजना म्हणजे दहा अंकांचा अर्थसंकल्पच होय. यंत्र पहिल्या अंकापासून मार्ग ठरवीत असल्याने २ ने अंतर्गत क्रमांक सुरू होत असतील, तर २ हा अंक दुसऱ्या कोणत्याही कामासाठी उरत नाही. जुन्या यंत्रांत १ हा अंक आरंभी देणे टाळले जाई, कारण रिसीव्हर उचलताना आकडी हलली तरी एक ठोका जाऊ शकत असे आणि यंत्राची फसगत होई. बाहेरच्या लाइनसाठी अमेरिकेत ९ व ऑपरेटरसाठी ० रूढ झाला. भारतीय कार्यालयांत याच्या नेमकी उलट वाटणी मोठ्या प्रमाणावर आढळते. त्यामुळे मुंबईच्या एखाद्या कचेरीतून नागपूरला बोलायचे झाल्यास आधी बाहेरच्या लाइनचे ० आणि नंतर ०७१२ असे दोन शून्य लागोपाठ लावावे लागत. पहिले शून्य कचेरीचे आणि दुसरे देशाचे, हे नवख्याला कोणीतरी समजावून सांगावे लागे.

याच योजनेत अधिकाराची उतरंडही कोरलेली असे. कोणत्या अंतर्गत क्रमांकाला बाहेरची लाइन मिळावी, कोणाला केवळ स्थानिक आणि कोणाला एसटीडीची मुभा असावी, हे केंद्रातच ठरवून ठेवता येत असे. टेबलावरील दूरध्वनी दिसायला सारखेच असले तरी त्यांचा आवाका पदानुसार भिन्न राही.

जोडलेली केंद्रे : मार्गापासून नावाकडे

एकाच संस्थेच्या अनेक शहरांतील केंद्रांना भाड्याच्या कायमस्वरूपी तारांनी जोडण्यास सुरुवात झाली, तेव्हा नवा प्रश्न उभा राहिला. या तारांना टाय लाइन असे म्हणत. उदाहरणादाखल मुंबईचे मुख्यालय, पुण्याचा कारखाना व नागपूरची शाखा अशी रचना गृहीत धरू. मुंबईहून नागपूरच्या २४५ या अंतर्गत क्रमांकाशी बोलायचे तर आधी ८ लावून पुण्याचे केंद्र गाठायचे, तेथील डायल टोनची वाट पाहायची, मग ७ लावून नागपूर गाठायचे आणि पुन्हा टोन आल्यावर २४५ फिरवायचे. पुण्याहून मात्र ७ व २४५ एवढेच पुरे. म्हणजे त्याच माणसाचा क्रमांक बोलावणारा कोठे बसला आहे यावर अवलंबून होता. जाळ्याचा सगळा नकाशा कर्मचाऱ्याने पाठ करावा किंवा काचेखाली कागद ठेवावा, अशी ही अपेक्षा होती.

हीच अडचण राष्ट्रीय पातळीवर अमेरिकेतील बेल कंपनीपुढे आली होती. १९४७ मध्ये तिने अमेरिका व कॅनडा मिळून ८६ विभाग पाडले आणि प्रत्येकाला तीन अंकी संकेतांक दिला. फिरत्या तबकडीवर लहान अंकाला वेळ कमी लागत असल्याने न्यूयॉर्कला २१२, तर शिकागोला ३१२ असे संकेतांक मिळाले. जेथे जास्त लोक दूरध्वनी करणार तेथे कमी ठोके, असा हा विचार होता. १९५१ मध्ये न्यू जर्सीतील एंगलवूड येथून ग्राहकाने ऑपरेटरविना देशाच्या दुसऱ्या टोकाशी थेट संपर्क साधला. बोलावणारा कोठेही असो, ग्राहकाचा पूर्ण क्रमांक तोच, हे या योजनेचे मुख्य तत्त्व होते. त्यासाठी केंद्राने आधी सर्व अंक साठवून घेणे आणि मग मार्ग स्वतः शोधणे आवश्यक होते. क्रमांक आणि मार्ग यांची येथे फारकत झाली.

खासगी जाळ्यांनीही हे तत्त्व स्वीकारले. अमेरिकी सैन्याच्या १९६० च्या दशकातील ऑटोव्हॉन या जाळ्यात दूरध्वनीवर चार जादा कळा होत्या. त्यांद्वारे संभाषणाचा अग्रक्रम ठरे आणि वरच्या अग्रक्रमाचे संभाषण खालच्याला मध्येच तोडू शकत असे. १९७५ मध्ये नॉर्दर्न टेलिकॉम कंपनीचे एसएल-१ हे आज्ञावलीवर चालणारे कार्यालयीन केंद्र आले. त्यानंतरच्या काळात कार्यालयांपुढे प्रामुख्याने दोन पर्याय होते. पहिल्यात सर्व शाखांचे अंतर्गत क्रमांक एकाच मालिकेत बसवीत, जसे मुंबईसाठी २००० पासून व पुण्यासाठी ३००० पासून. दुसऱ्यात प्रत्येक शाखेला स्थान-संकेतांक देऊन अंतर्गत क्रमांक जुनेच ठेवीत. पहिला पर्याय लक्षात ठेवण्यास सोपा, परंतु त्यात कोणाला तरी आपला जुना क्रमांक सोडावा लागे. दुसऱ्यात कोणाचेही काही जात नसे, पण प्रत्येकाला जास्त अंक फिरवावे लागत. क्रमांकातील बदल लोक सहजासहजी स्वीकारत नाहीत, हे १९६२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे अक्षरी केंद्रनामे काढून केवळ अंक आणण्याविरुद्ध स्थापन झालेल्या संघटनेवरूनही दिसून येते.

भारतीय संदर्भ

भारतात ग्राहकाने स्वतः परगावी क्रमांक फिरविण्याची सोय, म्हणजेच एसटीडी, १९६० मध्ये कानपूर व लखनौ यांच्या दरम्यान प्रथम सुरू झाली. कार्यालयीन केंद्रांचा खरा प्रसार १९८४ नंतर झाला. त्या वर्षी ग्राहकाच्या जागेत बसणारी उपकरणे बनविण्यास खासगी उद्योगांना मुभा मिळाली आणि त्याच वर्षी सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. तिचे १२८ जोडण्यांचे ग्रामीण केंद्र १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे कार्यान्वित झाले.

भारतातील जोडलेल्या कार्यालयीन केंद्रांचे एक वैशिष्ट्य येथे नोंदविणे आवश्यक आहे. संस्थेने भाड्याच्या तारेने पुणे व बंगळूर येथील आपली कार्यालये जोडली, तर पुण्याचा कर्मचारी बंगळूरच्या सहकाऱ्याशी बोलू शके. परंतु त्याच तारेने बंगळूर गाठून तेथून शहरातील सार्वजनिक जाळ्यात उतरण्यास मनाई होती, कारण त्यामुळे परवानाधारक सेवेचे एसटीडीचे उत्पन्न बुडाले असते. इंटरनेट पद्धतीची केंद्रे आल्यावर एकाच यंत्रात दोन्ही प्रकारचे मार्ग नांदू लागले. तेव्हा हा निर्बंध पाळण्यासाठी क्रमांक-योजनेतच आभासी भिंत घालावी लागली. या तरतुदीस तार्किक विभाजन असे नाव मिळाले. नोव्हेंबर २०२० व जून २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने कॉल सेंटरसारख्या सेवा पुरवठादारांसाठीचे नियम बरेच शिथिल केले. कायदा क्रमांक-योजनेत कसा उतरतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

एका अंकाची किंमत

क्रमांक-योजना चुकली तर काय होते, याचे दुःखद उदाहरण अमेरिकेत डिसेंबर २०१३ मध्ये घडले. टेक्सासमधील मार्शल येथे एका मोटेलच्या खोलीत कारी हंट या महिलेवर प्राणघातक हल्ला झाला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने शिकविल्याप्रमाणे ९११ हा आपत्कालीन क्रमांक चार वेळा फिरविला. परंतु त्या मोटेलच्या केंद्रात बाहेरच्या लाइनसाठी आधी आणखी एक ९ लावणे आवश्यक होते. मुलीला हे ठाऊक नव्हते आणि ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. मदत वेळेवर मागविता आली नाही व त्या महिलेचा मृत्यू झाला. कुटुंबीयांच्या प्रयत्नांतून १६ फेब्रुवारी २०१८ रोजी कारीज लॉ हा संघराज्यीय कायदा झाला. १६ फेब्रुवारी २०२० नंतर बसविलेल्या बहुदूरध्वनी केंद्रांतून कोणताही पूर्वअंक न लावता ९११ लागलाच पाहिजे, असे बंधन त्याने घातले.

हा प्रश्न आपल्याकडेही विचारात घेण्याजोगा आहे. भारतात ११२ हा एकत्रित आपत्कालीन क्रमांक आहे. अग्निशमनासाठी १०१ व रुग्णवाहिकेसाठी १०२ आणि १०८ हेही परिचित आहेत. जेथे बाहेरच्या लाइनसाठी ० लावावा लागतो, तेथे हे क्रमांक थेट लागतीलच असे नाही. जेथे खोल्यांच्या क्रमांकांप्रमाणे अंतर्गत क्रमांक १०१ व १०२ असे दिलेले असतील, तेथे अग्निशमन दलाऐवजी शेजारच्या खोलीतील घंटा वाजेल. वसतिगृहे, रुग्णालये व महाविद्यालये यांनी आपल्या केंद्राची ही तपासणी करून घेणे अगत्याचे आहे. त्यासाठी नवे यंत्र लागतेच असे नाही. आज्ञावलीवर चालणाऱ्या केंद्रात बहुधा एका नियमाची भर पुरेशी ठरते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, क्रमांक-योजनेच्या इतिहासात पोहोचण्याचे ज्ञान ऑपरेटरकडून यंत्राकडे व ग्राहकाकडे, ग्राहकाकडून पुन्हा आज्ञावलीकडे सरकत गेले आहे. या प्रत्येक स्थलांतरात सोयही झाली आणि कोणावर तरी नवा भारही पडला. लॉवेलमध्ये क्रमांक आले ते नवख्या ऑपरेटरलाही काम करता यावे म्हणून. मार्शलमध्ये मात्र केंद्राच्या एका अंकाने नवख्या मुलीची वाट अडविली. जाळ्याचा नकाशा ठाऊक नसलेल्या, घाबरलेल्या माणसाला पहिल्याच प्रयत्नात मदत मिळते की नाही, हाच कोणत्याही क्रमांक-योजनेच्या मूल्यमापनाचा प्रमुख निकष असावयास हवा.