उतारावरील तेलगाडी

खनिज तेल आणि आगगाडी यांचा संबंध तेलाच्या धंद्याइतकाच जुना आहे. १८५९ सालच्या ऑगस्ट महिन्यांत अमेरिकेंतील पेन्सिल्व्हानिया प्रांतांत टायटसव्हिल येथें एडविन ड्रेक याच्या विहिरीला तेल लागलें. प्रथम तें लांकडी पिंपांत भरून घोड्यांच्या गाड्यांतून रेल्वेपर्यंत नेत असत. १८६५ सालीं डेन्समोर बंधूंनीं उघड्या वाघिणीवर दोन मोठीं लांकडी पिंपें उभीं बसविलीं, आणि तेलासाठीं निराळ्या वाघिणीची कल्पना जन्मास आली. त्याच वर्षीं सॅम्युअल व्हॅन सिकेल यानें सुमारें पांच मैलांचा लोखंडी नळ टाकून तेल वाहून दाखविलें. तेल नळानें न्यावें कीं रुळांवरून न्यावें, हा वाद तेव्हांपासून चालत आला आहे.

कच्च्या तेलाची वाफ हवेशीं मिसळली म्हणजे एका ठिणगीनें पेट घेते, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु तेलगाडीचा अर्धा धोका तेलांत नसून तिच्या वजनांत असतो. उतारावर उभी केलेली गाडी ही वस्तुतः थांबलेली नसते. ती केवळ धरून ठेवलेली असते. ती कशानें धरली आहे आणि तें धरणारें साधन निकामी झाल्यास पुढें काय, हे दोन प्रश्न या विषयाच्या मुळाशीं आहेत.

या प्रश्नांचें पहिलें भीषण उत्तर वेल्समध्यें मिळालें. २० ऑगस्ट १८६८ रोजीं लान्डुलस स्टेशनांत एका मालगाडीचें शंटिंग चाललें होतें. बाजूच्या रुळांवर पुरेशी जागा नसल्यामुळें कांहीं वाघिणी ब्रेकच्या डब्यासह मुख्य रुळावरच, उतारावर, उभ्या केल्या होत्या. त्यांत घासलेटसारख्या पॅराफिन तेलाचीं सुमारें पन्नास पिंपें होतीं. ब्रेकच्या डब्याचा ब्रेक आवळलेला होता. वाघिणींचे ब्रेक मात्र लावलेले नव्हते. शंटिंगमध्यें सोडलेल्या वाघिणींचा त्यांस धक्का बसला, एकमेव ब्रेक तुटला, आणि त्या उताराला लागल्या. समोरून लंडनहून होलीहेडकडे जाणारी ‘आयरिश मेल’ भर वेगानें येत होती. अबर्गेलीनजीक टक्कर झाली, पिंपें फुटलीं, आणि पुढचे डबे एका क्षणांत ज्वाळांनीं वेढले गेले. जवळच्या समुद्रांतून बादल्या भरभरून पाणी आणलें गेलें. परंतु ३३ जीव वांचविण्यास तें असमर्थ होतें. प्रेतें ओळखूंही न आल्यामुळें अबर्गेलीच्या चर्चच्या आवारांत त्यांस एकत्र मूठमाती देण्यांत आली.

मालगाडीच्या दोघां ब्रेकवाल्यांवर मनुष्यवधाचा खटला झाला, आणि ज्यूरीनें त्यांस निर्दोष सोडलें. सरकारी चौकशींत ब्रेकवाल्याच्या हयगयीवर ठपका आलाच. परंतु मेल येण्याची वेळ झाली असतां मुख्य रूळ मोकळा ठेवण्याचा नियम त्या स्टेशनांत पाळला जात नव्हता, हेंही उघडकीस आलें. पुढच्याच वर्षीं, १८६९ सालीं, जॉर्ज वेस्टिंगहाउस यानें दाबलेल्या हवेच्या ब्रेकचें पेटंट घेतलें. या शोधानें धांवती गाडी थांबविण्याची मोठी सोय झाली. पण उभी गाडी रात्रभर धरून ठेवण्याचें काम अखेर हाताच्या ब्रेककडेच राहिलें.

एकविसाव्या शतकांत हा प्रश्न पुन्हां उभा राहिला. उत्तर डाकोटांतील बाकेन खडकांतून इतकें तेल निघूं लागलें कीं तें वाहण्यास नळ अपुरे पडले. २००८ सालीं अमेरिकेच्या मोठ्या रेल्वे कंपन्यांनीं कच्च्या तेलाच्या सुमारें साडेनऊ हजार वाघिणी वाहिल्या होत्या. २०१३ सालीं ती संख्या चार लाखांवर गेली.

त्याच साली, ५ जुलैच्या रात्रीं, अशाच तेलाच्या ७२ टाक्यांची एक गाडी कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांत नांत येथें थांबली. तिच्यावर एकच ड्रायव्हर होता. त्यानें गाडी मुख्य रुळावर उभी केली, सात हातब्रेक लावले, आणि एंजिनांचे हवेचे ब्रेक टिकावेत म्हणून एक एंजिन चालूं ठेवून तो विश्रांतीस गेला. मध्यरात्रीच्या सुमारास त्या एंजिनाला आग लागली. आग विझविणाऱ्यांनीं रीतीप्रमाणें एंजिन बंद केलें. हवा भरणारें यंत्र थांबलें, ब्रेकांतील हवा हळूहळू निघून गेली, आणि सात हातब्रेकांना तें ओझें पेललें नाहीं.

तेथील उतार शंभर फुटांस सुमारें सव्वा फूट, म्हणजे बोरघाटाच्या चढणीच्या निम्म्याहून कमी. तरीही सात मैलांच्या अंतरांत गाडीचा वेग ताशीं ६५ मैल झाला. सव्वा वाजतां लाक-मेगांतिक या सुमारें सहा हजार वस्तीच्या गांवाच्या मध्यभागीं ६३ टाक्या रुळांवरून उडाल्या. साठ लाख लिटर तेल रस्त्यांतून आणि गटारांतून पेटत वाहत गेलें. ४७ माणसें प्राणांस मुकलीं. पांच जणांचे अवशेषही हातीं लागले नाहींत.

चौकशी मंडळानें २०१४ सालीं एक नव्हे, तर १८ कारणें सांगितलीं. हवेच्या मदतीशिवाय ती गाडी धरण्यास किमान १७ आणि कदाचित् २६ हातब्रेक लागले असते. ड्रायव्हरनें ब्रेकांची परीक्षा घेतली, ती हवेचे ब्रेक लागलेले असतांनाच. त्यामुळें ती फसवी ठरली. एंजिनाची पूर्वीची दुरुस्ती कमकुवत पदार्थानें केलेली होती. तेल कागदोपत्रीं दाखविल्यापेक्षां अधिक ज्वालाग्राही होतें. टाक्यांचा पत्रा आघात सोसण्याजोगा नव्हता. ड्रायव्हरसह तिघां नोकरांवर खटला झाला, आणि २०१८ सालीं ज्यूरीनें तिघांनाही निर्दोष ठरविलें. दीडशें वर्षांच्या अंतरानें दोन ज्यूरींनीं दिलेला निर्णय असा एकच आहे.

त्यानंतर कॅनडांत धोक्याच्या मालाच्या गाडीवर एकटा माणूस ठेवण्यास बंदी झाली, आणि कच्च्या तेलासाठीं जुन्या नमुन्याच्या टाक्या २०१६ सालीं बंद झाल्या. परंतु सस्कॅचवान प्रांतांत गर्न्सीजवळ डिसेंबर २०१९ आणि फेब्रुवारी २०२० मध्यें, मजबूत करून घेतलेल्या टाक्याही फुटल्या आणि जळल्या. जाड पत्रा संकटाची व्याप्ति कमी करील. संकट टाळण्याचें काम त्याचें नव्हे. जेथें एका ब्रेकवर, एका माणसावर किंवा एका चालत्या यंत्रावर संपूर्ण भरंवसा ठेवला जातो, तेथें अपघात झाला नाहीं तरी अपघाताची तयारी झालेली असते. लान्डुलस आणि नांत या दोन्ही ठिकाणीं गाडी निसटली ती मध्यरात्रीं वा भर दुपारीं. परंतु ती सुटण्याची व्यवस्था मात्र कितीतरी आधीं, कचेरींत बसून, झालेली होती.