पाण्यात उभे जायफळाचे भाऊबंद

बुलढाणा जिल्ह्यातील पिंपळगाव राजाच्या शिवारात झड लागली, की काळ्या जमिनीत पाणी साचते आणि कपाशी पिवळी पडू लागते. पाणी भरपूर असताना रोप का कोमेजावे? कारण मुळांनाही श्वसन करावे लागते. साचलेले पाणी मातीच्या कणांमधील हवेची जागा घेते आणि पाण्यात प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. मुळे गुदमरतात.

तरीही काही झाडे दलदलीतच वाढतात. उत्तर अमेरिकेत काळा ॲश हे असे एक झाड. आपल्या सह्याद्रीत हे स्थान जायफळाच्या कुळातील रानटी झाडांचे आहे. मसाल्याच्या डब्यातील जायफळ मूळचे इंडोनेशियातील बांदा बेटांचे. ही त्याची इथली भावंडे. काहींची मुळे चिखलातून गुडघ्यासारखी वर येतात, तर काहींना खोडापासून आधारमुळे फुटतात. या मुळांवरील वल्करंध्रांतून हवा आत शिरते.

या जंगलांची शास्त्रीय नोंद मात्र फार उशिरा झाली. १९६० साली कृष्णमूर्ती यांनी त्रावणकोर भागातील अशा दलदलीचे वर्णन केले. १९६८ मध्ये चॅम्पियन आणि सेठ यांनी भारतीय वनांच्या वर्गीकरणात त्यांना स्वतंत्र प्रकार म्हणून जागा दिली. पुढे १९९०च्या दशकात गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील निरंकाराच्या राईची नोंद झाली. महाराष्ट्रातील दलदल तर २०१८ साली उजेडात आली. ती सिंधुदुर्ग जिल्ह्यात, दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथे आहे.

इतकी कमी ठिकाणे का उरली? बारमाही ओहोळाचा सपाट तळ या झाडांना हवा असतो आणि भातशेतीला व सुपारीच्या बागेलाही तोच हवा असतो. माणसाने तेथे शेती केली, बांध घातले, पाणी वळवले. एकदा गेलेले हे जंगल सहज परतत नाही. त्याचे बी वाळले की मरते, त्यामुळे धान्यासारखे साठवून ठेवता येत नाही.

मग हेवाळे-बांबर्डे आणि निरंकाराची राई कशा वाचल्या? दोन्ही देवराया आहेत. तेथे कुऱ्हाड चालवायची नाही, असा गावाचा दंडक होता. जैवविविधता कायदा २००२ सालचा. त्याखाली बांबर्ड्याला वारसा स्थळाचा दर्जा मिळाला तो २०२१ मध्ये. कायदा पोहोचेपर्यंतची राखण गावाने केली होती. तरीही केवळ श्रद्धेवर विसंबून चालणार नाही. राईत कोणी पाऊल टाकले नाही, पण वरच्या अंगाला ओहोळ अडवला, तर ही झाडे उभ्या जागी संपतील.

वर्गात एक प्रयोग करून पाहू. मुगाची रोपे दोन डब्यांत लावू, एकाच्या तळाला भोके पाडू आणि दुसऱ्यात पाणी साचू देऊ. रोज नोंद ठेवू. मग विद्यार्थ्यांना विचारू: आपल्या गावातील ओढ्याकाठी कोणती झाडे आहेत, आणि आजोबांच्या वेळी कोणती होती?