बाखचा डी मायनर कॉन्चेर्टो : पाठपरंपरेचा एक प्रश्न

अठराव्या शतकाच्या आरंभी युरोपीय वाद्यवृंदात हार्प्सिकॉर्डचे स्थान साथीदाराचे होते. या वाद्यात पट्टी दाबताच पिसाच्या टोकाने तार छेडली जाते. बोट हलके पडो वा जोराने, नादाची तीव्रता जवळजवळ तीच राहते. अशा वाद्याने व्हायोलिनसमूहापुढे येऊन नायकत्व करावे, ही कल्पना सहज सुचणारी नव्हती. योहान सेबास्टियान बाख याने १७२१ साली ब्रांडेनबुर्गच्या मार्कग्राफला अर्पण केलेल्या सहा कॉन्चेर्टोंपैकी पाचव्यात तिचा ठळक आविष्कार आढळतो. तेथे मात्र बासरी व व्हायोलिन जोडीला आहेत. बाखच्या रचनांत हार्प्सिकॉर्डला एकट्याने नायकपद लाभले ते लाइपझिग येथे.

तेथील ‘कोलेगियुम मूझिकुम’ या वादकमंडळाचे संचालन १७२९ मध्ये बाखकडे आले. झिमरमानच्या कॉफीगृहात मंडळाच्या बैठकी होत. १७३३ च्या जूनमध्ये, राजशोकाचा काळ सरल्यावर, नव्या हार्प्सिकॉर्डसह त्या पुन्हा सुरू होत असल्याचे जाहीर झाले. सुमारे १७३८ साली बाखने स्वहस्ते लिहिलेल्या कॉन्चेर्टोसंग्रहात डी मायनरमधील कृती अग्रस्थानी आहे.

तथापि तिचा जन्म त्या वर्षीचा नव्हे. तिचे पहिले दोन भाग १४६ क्रमांकाच्या व तिसरा भाग १८८ क्रमांकाच्या कँटाटामध्ये ऑर्गनसाठी योजलेला आढळतो; मंद गतीच्या दुसऱ्या भागावर तर बाखने चार कंठांचे समूहगान चढविले आहे. पुत्र कार्ल फिलिप इमानुएल यानेही १७३४ च्या सुमारास तिची एक हार्प्सिकॉर्ड-प्रत सिद्ध केली. या सर्व पाठांमागे व्हायोलिनसाठी रचलेला, आज लुप्त झालेला मूळ पाठ असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. एका स्थिर स्वराभोवती वेगाने फिरणारी तिच्यातील स्वरवाक्ये व्हायोलिनच्या मोकळ्या तारेवर सहज वाजतात, हा त्यांचा मुख्य आधार. मूळ वाद्य ऑर्गनच असावे, असे मानणाराही पक्ष आहे.

व्हायोलिनचे हस्तलिखित उपलब्ध नसल्याने, त्या वाद्यासाठी छापल्या जाणाऱ्या ‘मूळ’ आवृत्त्या म्हणजे अनुमाने होत. त्यांस प्रमाण मानता येत नाही. शिवाय बाखच्या हस्तलिखितात एकलवादनाच्या भागात केलेले फेरफार दिसतात. ते पाहता हार्प्सिकॉर्डचा पाठ ही हरवलेल्या मूळाची केवळ नक्कल नसून कर्त्याने नव्या वाद्यासाठी घडविलेले स्वतंत्र रूप होय. मूळाचा शोध अवश्य घ्यावा. परंतु त्यापायी उपलब्ध पाठास दुय्यम लेखणे हे पाठचिकित्सेच्या तत्त्वाशी विसंगत ठरेल.